मराठवाड्यातील कुणबी नोंदींचे डिजिटायझेशन

मराठवाड्यातील कुणबी नोंदींचे डिजिटायझेशन हा महाराष्ट्र शासनाने २०२३ पासून हाती घेतलेला उपक्रम आहे. जुन्या महसुली, शैक्षणिक व जन्म-मृत्यूविषयक दस्तऐवजांचा शोध, त्यांचे स्कॅनिंग, लिप्यंतर आणि जिल्हा संकेतस्थळांवरील प्रकाशन असे त्याचे स्वरूप आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी झालेल्या उपोषणातून त्याची सुरुवात झाली. मराठा समाजातील ज्या कुटुंबांच्या पूर्वजांची नोंद जुन्या कागदपत्रांत 'कुणबी', 'मराठा-कुणबी' किंवा 'कुणबी-मराठा' अशी आढळते, त्यांना इतर मागास प्रवर्गातील जातप्रमाणपत्र मिळावे, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत, शाळांच्या कपाटांत आणि हैदराबादच्या अभिलेखागारात अनेक दशके बांधून ठेवलेले बस्ते उघडले गेले. एरवी संशोधकांपुरता मर्यादित असलेला पुराभिलेखांचा प्रश्न या निमित्ताने मराठवाड्यातील सामान्य कुटुंबांच्या दैनंदिन व्यवहारात आला.

पार्श्वभूमी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. राज्यपुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. या स्थित्यंतरात जिल्हा व तालुका पातळीवरील दप्तरे बहुतांशी जागच्या जागी राहिली, तर संस्थानच्या मध्यवर्ती खात्यांची दप्तरे हैदराबादेतच राहिली. पुढे जिल्ह्यांच्या विभाजनाने आणखी एक गुंता निर्माण झाला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. अंबड तालुका तोपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि परतूर परभणी जिल्ह्यात. एकाच जिल्ह्यातील दोन गावांचे जुने कागद त्यामुळे दोन वेगळ्या जिल्ह्यांच्या दप्तरांत शोधावे लागतात.

कुणबी ही जात महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आधीपासून होती. १ जून २००४ च्या शासन निर्णयाने त्या यादीतील कुणबी या नोंदीखाली 'मराठा-कुणबी' व 'कुणबी-मराठा' यांचाही समावेश करण्यात आला. जातप्रमाणपत्रासंबंधीच्या २००० च्या राज्य अधिनियमातील कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक असल्याने त्यापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. विदर्भ, खानदेश आणि कोकणातील अनेक कुटुंबांना असे जुने कागद मिळत होते. मराठवाड्यात ते सहजासहजी सापडत नव्हते. तेथील कुणबी निजामकाळानंतर कागदोपत्री 'मराठा' झाले, हा आंदोलकांच्या मागणीचा गाभा होता. मागणी आरक्षणाची असली तरी तिचे उत्तर अभिलेखांत शोधावे लागणार, हे यातून ओघानेच आले.

मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंतरवाली सराटी येथे उपोषण सुरू केले. १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांनी केलेल्या लाठीमारानंतर हे आंदोलन राज्यभर पसरले. ७ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन महसुली व शैक्षणिक नोंदी, वंशावळी, सनदा आणि तत्सम कागदपत्रांची तपासणी करून मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरविणे, हे काम तिच्याकडे सोपविण्यात आले. १४ सप्टेंबर रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात त्याच गावी दुसरे उपोषण झाले. त्यानंतर समितीचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्यापर्यंत वाढविण्यात आले आणि तिची मुदतही वेळोवेळी वाढत गेली.

समितीचा पहिला अहवाल राज्य मंत्रिमंडळाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वीकारला. मराठवाड्यातील १ कोटी ७२ लाखांहून अधिक दस्तऐवज तपासले असता त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्याचे त्या वेळी जाहीर करण्यात आले. म्हणजे सरासरी दीड हजार दस्तऐवजांमागे एक नोंद. उर्दू व मोडीतील कागदपत्रांचे भाषांतर करून त्यांचे डिजिटायझेशन करावे आणि ती सर्वांसाठी खुली करावीत, असेही त्याच वेळी ठरले. राज्यभरातील शोधाचा आकडा जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे ५४ लाखांवर गेला. त्यांतील फार मोठा वाटा मराठवाड्याबाहेरचा होता; मराठवाड्यातील संख्या २०२५ मध्येही पन्नास हजारांच्या आसपासच होती.

नोंदी कोणत्या दप्तरांत होत्या

'निजामकालीन नोंद' या शब्दप्रयोगामुळे एखादे एकसंध रजिस्टर असावे असा समज होतो. प्रत्यक्षात शोध अनेक खात्यांत विखुरलेला होता. महसूल खात्याकडे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही आणि हक्क नोंद पत्रक ही कागदपत्रे होती; त्याखेरीज १९५१ च्या जनगणनेवेळी तयार केलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टरही तपासण्यात आले. भूमी अभिलेख खात्यातील पक्काबुक, शेतवार पत्रक, प्रतिबुके व क्लासर रजिस्टरे पाहिली गेली. गाव नमुना १४ म्हणजे गावातील जन्म-मृत्यूची नोंद. ती कोतवालाच्या हातून होत असल्याने बोलीभाषेत तिला कोतवाल बुक म्हणतात. यांशिवाय शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, नोंदणी कार्यालयांतील खरेदीखते, पोलीस व कारागृहांची रजिस्टरे, उत्पादन शुल्क खात्याचे आणि वक्फविषयक कागदही तपासणीत आले. तपासणीसाठी १९४८ पूर्वीचा आणि १९४८ ते १९६७ असे दोन कालखंड धरण्यात आले.

या यादीतील प्रत्येक कागद वेगळ्या हेतूने लिहिला गेला होता. जमिनीच्या दप्तराला सारा कोणाकडून वसूल करायचा हे हवे असते. खातेदाराची जात तेथे असेलच असे नाही. सातबारा उताऱ्यात जातीचा रकानाच नाही. उलट जन्म-मृत्यू नोंदवहीत आणि शाळेच्या दाखल रजिस्टरात जात लिहिण्याची पद्धत होती. जेथे शाळा लवकर सुरू झाल्या आणि जन्म-मृत्यूची नोंद नियमित राहिली, तेथे नोंदी जास्त सापडतात. मराठवाड्यात शिक्षणाचा प्रसार उशिरा झाला. संस्थानचा मोठा भूभाग जहागिरी व सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीच्या, मुलखात मोडत असे. जहागिरी १९४९ मध्ये खालसा होईपर्यंत त्या गावांचे दप्तर जहागीरदारांच्या कारभारात राहिले. अशा गावांतील एखाद्या कुटुंबाची नोंद न सापडणे म्हणजे त्या कुटुंबाची जात वेगळी होती, असा निष्कर्ष काढता येत नाही. ती कधी लिहिलीच गेली नसेल किंवा लिहिलेला कागद टिकला नसेल.

कागद टिकण्याचेही नियम असतात. शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्गीकरण केले जाते. 'अ' वर्गाचे कागद कायम जपायचे असतात, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, तर 'ड' वर्गाचे वर्षभरात नष्ट करता येतात. ज्या काळी हे वर्ग ठरविले गेले, त्या काळी एखाद्या शाळेच्या रजिस्टरातील जातीचा रकाना पुढे कोणाच्या तरी प्रवेशाचा किंवा नोकरीचा आधार होईल, अशी कोणाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याखेरीज वाळवी, गळके छप्पर आणि कार्यालयांची स्थलांतरे हे जुन्या दप्तरांचे नेहमीचे शत्रू आहेतच. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ने अभिलेखांच्या जतनाची जबाबदारी शासकीय कार्यालयांवर टाकली आहे. मात्र तालुका कार्यालयात स्वतंत्र प्रशिक्षित अभिलेखपाल असणे ही अपवादात्मक बाब आहे.

लिपी, भाषा आणि सन

शोधातील सर्वांत मोठा अडसर कागद वाचण्याचा होता. हैदराबाद संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर कुलकर्णी मात्र मराठीत, मोडी लिपीत लिहीत राहिले. त्यामुळे एकाच गावाची माहिती तालुक्याच्या कागदात उर्दूत आणि गावच्या कागदात मोडीत आढळते. उर्दू कागद पुष्कळदा घाईच्या शिकस्ता वळणात लिहिलेले असतात. काही हिशेबांत रकमा नेहमीच्या अंकांऐवजी सियाक या फारसी हिशेबी चिन्हांत असतात, आणि ही चिन्हे वाचणारे लोक उर्दू वाचणाऱ्यांतही थोडेच आहेत.

मोडीची अडचण वेगळी आहे. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढून अक्षरे तिला लगटून, हात न उचलता लिहिली जातात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. प्रत्येक लेखकाचे वळण निराळे असल्याने, एका कुलकर्ण्याचे अक्षर सरावाने वाचू लागलेल्या माणसाला शेजारच्या गावचे दप्तर पुन्हा नव्याने शिकावे लागते. त्यात मराठवाड्यातील मोडी कागद फारसी-उर्दू महसुली संज्ञांनी भरलेले असतात. पुणे दरबारच्या कागदांवर शिकलेल्या वाचकाला त्या संज्ञा परिचयाच्या असतातच असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळा व कचेऱ्यांतून मागे पडली. त्यानंतरचे जाणकार प्रामुख्याने पुराभिलेख संचालनालयाच्या व खासगी संस्थांच्या अल्पकालीन वर्गांतून तयार झालेले आहेत. २०२३ च्या शोधात जिल्हाधिकारी कार्यालयांना अशा मोडी व उर्दू वाचकांची मदत घ्यावी लागली. हौशी अभ्यासकांची विद्या मानली गेलेली मोडी अशा रीतीने अल्पावधीत प्रशासनाची निकड बनली.

तारखांचे गणित हा या कामातील आणखी एक बारीक पण निर्णायक भाग आहे. संस्थानात फसली सन प्रचलित होता. फसली वर्षात साधारण ५९० मिळविले की इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे ढोबळमानाने १९४७-४८. वर्षाचा प्रारंभ जानेवारीत नसून आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास होत असल्याने एका फसली वर्षात दोन इसवी वर्षांचे भाग येतात. गावच्या कागदांत शालिवाहन शकही आढळतो; त्यात ७८ मिळवावे लागतात. ज्या प्रकरणात नोंद मानीव दिनांकाच्या अलीकडची की पलीकडची हा प्रश्न असतो, तेथे सनाचे रूपांतर चुकले तर सगळा पुरावाच डळमळतो. स्कॅन केलेल्या पानासोबत मूळ सन आणि त्याचे इसवीतील रूप दोन्ही नोंदविणे म्हणूनच आवश्यक ठरते.

संकेतस्थळांवरील प्रकाशन

आढळलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्हा प्रशासनांनी आपापल्या संकेतस्थळांवर तालुकानिहाय व गावनिहाय प्रसिद्ध केल्या. गावोगावी ग्रामपंचायत कार्यालयांत याद्या लावण्याच्याही सूचना देण्यात आल्या. अभिलेखागाराच्या वाचनकक्षात पत्र घेऊन जाणे, अनुक्रमणिका मागविणे आणि ठरावीक वेळेत कागद पाहणे ही जुनी पद्धत होती. तिच्या तुलनेत अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातील शेतकऱ्याला आपल्या पणजोबांच्या नावाचे पान मोबाईलवर दिसू शकणे, हा मोठाच बदल आहे. भारतात सार्वजनिक अभिलेखांचे ऑनलाइन प्रकाशन यापूर्वी झाले नव्हते असे नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे, आणि महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने काही जिल्ह्यांतील जुने सातबारे व फेरफार स्कॅन करून उपलब्ध केले आहेत. परंतु त्यांचा वाचक एक तर संशोधक होता किंवा जमिनीचा व्यवहार करणारा. कुणबी नोंदींचा वाचक म्हणजे संपूर्ण गाव होते.

तथापि प्रतिमा उपलब्ध होणे आणि माहिती उपलब्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोडीतील पानाची पीडीएफ फाईल उघडली तरी, लिप्यंतर सोबत नसल्यास बहुतेकांच्या दृष्टीने ते पान बंदच राहते. हस्तलिखिताच्या प्रतिमेत संगणकाला शब्द शोधता येत नाही. आडनाव टंकित करून नोंद काढता येईल अशी सोय करायची तर प्रत्येक नोंदीतील नाव, गाव, वर्ष आणि दस्तऐवजाचा प्रकार माणसाने वाचून तक्त्यात भरावा लागतो. हे काम स्कॅनिंगपेक्षा कितीतरी संथ व खर्चिक असते. त्यातही जुन्या कागदांत आजची आडनावे पुष्कळदा नसतात. 'अमुक वल्द तमुक', म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, एवढीच ओळख असते. गावात त्या नावाचे चौघे असतील तर त्यांतील आपला पूर्वज कोणता, हे प्रतिमा सांगत नाही.

दुसरी मर्यादा निवडीची आहे. तपासणी एका विशिष्ट शब्दासाठी झाली आणि ज्या पानावर तो शब्द आढळला ते पान प्रामुख्याने प्रकाशित झाले. ज्या पानांवर तो नव्हता ती तपासली गेली, मोजली गेली आणि पुन्हा बस्त्यात गेली. पावणेदोन कोटी दस्तऐवज हाताळले गेले असले तरी त्यांची सलग डिजिटल प्रत तयार झाली, असा याचा अर्थ होत नाही. अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने रजिस्टरातून वेगळे काढलेले एक पान हे अपुरे साधन असते. त्याच्या मागची-पुढची पाने, रजिस्टराचे मुखपृष्ठ, रकान्यांची शीर्षके आणि ते कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात होते याची नोंद, हे सर्व मिळून त्याची विश्वसनीयता ठरते. त्या नोंदवहीत इतर जातींची नावे कशी लिहिली आहेत, लेखक एकच आहे की बदलला आहे, हे सलग पाने पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुराव्याच्या कायद्याचा संबंध येथेच येतो. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाला तर त्याच्या खरेपणाविषयी न्यायालयाला अनुमान करता येते. ही तरतूद भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ९० मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ मध्ये आहे. 'योग्य ताबा' हे शब्द येथे कळीचे आहेत. संकेतस्थळावरील प्रतिमा शोधाला दिशा देते. प्रमाणपत्रासाठी संबंधित कार्यालयाकडून प्रमाणित प्रत घ्यावी लागते, आणि मूळ रजिस्टर कोठे आहे हे ठाऊक असेल तरच ती मिळते. जात पडताळणीत स्वातंत्र्यपूर्व दस्तऐवजांना अधिक पुरावामूल्य असते, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जमातीच्या दाव्यासंबंधीच्या 'आनंद विरुद्ध समिती' या २०११ च्या निकालात म्हटले आहे. ज्या कुटुंबाकडे घरचा एकही कागद नाही, त्याच्यासाठी कार्यालयातील एक जीर्ण पान म्हणजे मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशातील फरक ठरू शकतो.

वंशावळ

नोंद सापडल्यावर अर्जदाराला आपण त्या व्यक्तीचे वंशज आहोत हे दाखवावे लागते. पणजोबा ते अर्जदार अशी साखळी जुळविताना मधला एखादा दुवा निसटणे सामान्य आहे. स्त्रियांची नावे जमिनीच्या जुन्या कागदांत क्वचित येतात. दत्तक गेलेल्यांची व कामासाठी गाव सोडलेल्यांची नोंद दुसऱ्याच गावी असते. सप्टेंबर २०२३ मध्येच शासन निर्णयातील वंशावळीच्या अटीवर आंदोलकांनी आक्षेप घेतला होता. वंशावळी जुळविण्याच्या कामासाठी पुढे तालुका पातळीवर समित्या नेमण्यात आल्या. शासकीय दप्तरांबाहेर वंशावळी जपणारी परंपरा महाराष्ट्रात आहे: त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण यांसारख्या तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांकडे यजमान कुटुंबांच्या नामावळीच्या वह्या असतात, आणि भाट व हेळवी हे समाज पिढ्यान्‌पिढ्या कुळांच्या वंशावळी सांगत व लिहीत आले आहेत. हा ठेवा खासगी आहे. तो उपाध्यायांच्या व वंशावळ सांगणाऱ्यांच्या उपजीविकेशी जोडलेला असल्याने शासकीय अभिलेखांप्रमाणे तो सरसकट स्कॅन करून खुला करणे शक्य नाही आणि उचितही नाही.

हैदराबादमधील अभिलेख

संस्थानची मध्यवर्ती दप्तरे आज तेलंगण राज्य अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत. हैदराबादच्या तारनाका भागातील या संस्थेत दख्खनमधील मुघल कारभाराच्या कागदांपासून आसफजाही खात्यांच्या मिसलींपर्यंतचा संग्रह आहे. त्यातील बराचसा फारसी व उर्दूत आहे. मराठवाड्याच्या इतिहासाचा मोठा भाग अशा रीतीने दुसऱ्या राज्याच्या राजधानीत असल्याने समितीला आणि महसूल अधिकाऱ्यांच्या पथकांना नोंदींसाठी हैदराबादला जावे लागले.

सार्वजनिक चर्चेत 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पुढे सर्वाधिक गाजला. गॅझेटिअर म्हणजे प्रदेशाचे वर्णन करणारा ग्रंथ. त्यात लोकसंख्या, शेती, व्यापार, जाती यांची माहिती असते. तो वैयक्तिक नोंदींचा संग्रह नव्हे. एखाद्या जिल्ह्यात कुणबी किती होते हे त्यातून समजते, त्यांची नावे समजत नाहीत. आझाद मैदान, मुंबई येथील जरांगे पाटील यांच्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटिअरच्या अंमलबजावणीसंबंधी शासन निर्णय काढला. आकडे समूहाचे आणि प्रमाणपत्र व्यक्तीचे, ही दरी सांधण्यासाठी त्यात ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरील समितीने स्थानिक चौकशी करावी, अशी तरतूद होती. या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

आक्षेप

नोंदींच्या शोधाविषयी इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनी व छगन भुजबळ यांच्यासह अनेक नेत्यांनी तीव्र आक्षेप नोंदविले. आरक्षणातील वाटा कमी होईल, ही त्यांची मुख्य भीती होती. त्याबरोबरच सापडणाऱ्या काही नोंदींच्या सत्यतेविषयीही त्यांनी शंका घेतली. जून २०२४ मध्ये अंतरवाली सराटीपासून जवळच असलेल्या वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाच्या संरक्षणासाठी उपोषण केले. एकाच तालुक्यातील शेजारच्या दोन गावांत, एकाच कागदांवरून परस्परविरोधी मागण्यांची दोन उपोषणे झाली.

सत्यतेच्या वादाला अभिलेखांच्या अंगाने पाहिल्यास, दोन्ही बाजूंना उपयुक्त ठरेल अशी साधने एकच आहेत: संपूर्ण रजिस्टराचे सलग व रंगीत स्कॅनिंग, पानांचे क्रमांक, स्कॅन केल्याची तारीख, मूळ कागद कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद आणि लिप्यंतर करणाऱ्याची सही. शाई वेगळी आहे किंवा खाडाखोड झाली आहे, असा आक्षेप कृष्णधवल, अस्पष्ट प्रतीवरून सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ज्या जिल्ह्यांत प्रतिमा घाईने घेतल्या गेल्या, तेथे हा प्रश्न मूळ कागद पुन्हा पाहिल्याशिवाय सुटत नाही.

खासगीपणाचा मुद्दा तुलनेने कमी चर्चिला गेला. जन्म-मृत्यू आणि शाळांच्या नोंदवह्यांत व्यक्तीचे नाव, जात, पालक, कधी मृत्यूचे कारणही असते. १९६७ पर्यंतच्या नोंदींतील अनेक व्यक्ती हयात आहेत. ज्या पानावर एक कुणबी नोंद आहे, त्याच पानावर इतर जातींच्या कुटुंबांचीही माहिती असते आणि त्यांनी ती प्रसिद्ध करण्याची मागणी केलेली नसते. अनेक देशांची अभिलेखागारे जन्म नोंदी सुमारे शंभर वर्षे आणि जनगणनेची मूळ पत्रके काही दशके खुली करीत नाहीत. अमेरिकेत जनगणनेसाठी ही मुदत ७२ वर्षांची आहे.

इतिहाससाधन म्हणून

कोतवाल बुके आणि शाळांची रजिस्टरे यांचा उपयोग जातीच्या पुराव्यापुरता नाही. गावातील बालमृत्यू, पटकी व प्लेगच्या साथी, दुष्काळातील स्थलांतर, मुलींची शाळेतील पटसंख्या, नावांच्या व आडनावांच्या बदलत्या पद्धती यांच्या अभ्यासासाठी मराठवाड्यात याहून जवळचे साधन नाही. निजामकालीन मराठवाड्याचा लिहिला गेलेला इतिहास मुख्यतः दरबार, चळवळी आणि मुक्तिसंग्राम यांच्याभोवती फिरतो. गावच्या साध्या माणसांची नावे या वह्यांत आहेत. 'कुणबी' हा शब्द कोठे, केव्हा व कोणाच्या हातून 'मराठा' असा लिहिला जाऊ लागला, या प्रश्नाचे उत्तरही न निवडलेल्या पानांसह संपूर्ण मालिका पाहिली तरच मिळू शकते.

मोडी वाचनाच्या यांत्रिकीकरणाचे प्रयत्न सुरू आहेत. युनिकोडच्या २०१४ मधील सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर मोडीतच साठविता येतो. आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये २,०४३ मोडी प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांचा संच प्रसिद्ध करून त्यावर आधारित प्रारूप तयार केले. त्यातील कागद शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशा गटांतील आहेत. मराठवाड्यातील गावकुलकर्ण्यांच्या फसली सनाच्या वह्यांसाठी अशा प्रारूपाला त्या वह्यांचीच वाचून तपासलेली पाने पुरवावी लागतील. २०२३ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांसाठी मोडी वाचकांनी हाताने केलेली लिप्यंतरे मूळ प्रतिमांना जोडून एकत्र ठेवली गेली, तर या कामासाठी लागणारा संच त्यांतून उभा राहू शकतो.